परदेशात बोलणे स्वस्त, भारतीय क्रमांक जपणे महाग

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांतून परदेशी जाणाऱ्यांचे स्वरूप गेल्या पंचवीस वर्षांत आमूलाग्र बदलले आहे. एकेकाळी परदेशगमन म्हणजे उच्च शिक्षण घेणारा एखादा विद्यार्थी किंवा आखातात नोकरीसाठी गेलेला कमावता मुलगा एवढेच असे. आज नौपाड्यातील निवृत्त शिक्षक दांपत्य युरोपच्या समूहसहलीला जाते, डोंबिवलीतील आजी नातवंडाच्या जन्मासाठी सहा महिने अमेरिकेत मुक्कामाला असते आणि घोडबंदर रस्त्यावरील संगणक अभियंता महिन्यातून दोनदा सिंगापूरला जाऊन येतो. मुंब्रा, कल्याण आणि भिवंडीतील अनेक कुटुंबांचे चरितार्थाचे साधन आजही आखातातच आहे. वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्रामुळे पारपत्र घराजवळ आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे विमानही या पट्ट्याच्या जवळ आले आहे.

या सर्व प्रवाशांचा एक प्रश्न समान आहे. परदेशात गेल्यावर घरच्यांशी संपर्क कसा ठेवायचा आणि त्यासाठी किती पैसे मोजायचे? वरकरणी हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. व्हॉट्सॲपवरून चेहरा पाहत तासभर बोलता येते आणि त्यासाठी मिनिटाचा हिशेब ठेवावा लागत नाही. परंतु या स्वस्ताईच्या आड एक नवा खर्च उभा राहिला आहे. बोलण्याचा भाव उतरला असला, तरी खिशातील भारतीय मोबाइल क्रमांक परदेशात जिवंत ठेवण्याचे महत्त्व आणि त्यासाठीची यातायात वाढत चालली आहे. बँक, आधार, शेअर बाजाराचे खाते, प्राप्तिकराचे विवरणपत्र आणि आता निरोपाची ॲपसुद्धा त्याच एका क्रमांकाशी बांधली जात आहेत. त्यामुळे 'स्वस्तात संपर्क' या शब्दांचा अर्थच नव्याने तपासण्याची गरज आहे.

शून्य बावीस आणि शून्य दोनशे एक्कावन्न

या पट्ट्याला दूरध्वनीच्या दरांतील तफावतीचा अनुभव नवा नाही. १ एप्रिल १९८६ रोजी स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमच्या क्षेत्रात मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबईचा समावेश झाला आणि ठाण्याला ०२२ हा क्रमांक मिळाला. कल्याण-डोंबिवलीचा दूरध्वनी मात्र दूरसंचार खात्याकडे आणि २००० नंतर भारत संचार निगमकडे राहिला. त्याचा क्रमांक ०२५१. लोकलने वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर असलेल्या डोंबिवलीला ठाण्यातून फोन करायचा, तर तो एसटीडी ठरत असे. पुढे २००० च्या दशकात ९५ हा आकडा लावून तो काहीसा स्वस्तात करता येऊ लागला. मोबाइलच्या परवान्यांत मात्र कल्याणचा अंतर्भाव मुंबईच्या सेवाक्षेत्रातच करण्यात आला होता. म्हणजे एकाच घरातील तारेचा फोन परगावचा आणि खिशातील फोन मुंबईचा, अशी विसंगती येथील रहिवाशांनी अनुभवली आहे. फोनचा दर अंतरावरून ठरत नाही, कोणाच्या क्षेत्राची सीमा कोठे ओढली गेली यावरून ठरतो, हा धडा या शहरांनी तेव्हाच घेतला होता. परदेशातील रोमिंगला हाच नियम लागू पडतो.

परदेशी संभाषणाची मक्तेदारी दीर्घकाळ विदेश संचार निगमकडे होती. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या विक्रम उपग्रह भूकेंद्रामुळे भारताचे जगाशी उपग्रहाद्वारे संभाषण सुरू झाले. तरीही सामान्य घरासाठी परदेशचा फोन ही चैनच राहिली. स्थानकाबाहेरच्या एसटीडी-आयएसडी बूथमध्ये समोरच्या यंत्रावरील लाल आकडे पाहत बोलणारी माणसे हे नव्वदच्या दशकातील ठाणे-डोंबिवलीचे परिचित चित्र होते. मिनिटाचा दर दोन आकडी रुपयांत असल्याने 'सगळे बरे आहे ना' एवढे विचारून फोन ठेवला जाई. १ एप्रिल २००२ रोजी परदेशी दूरध्वनीची मक्तेदारी संपली आणि इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यासही मर्यादित परवानगी मिळाली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत विदेश संचार निगमचे व्यवस्थापन टाटा समूहाकडे गेले होते. स्पर्धेमुळे दर घसरू लागले. अमेरिकेतील मराठी घरांत त्या काळी भारतात बोलण्यासाठीची कॉलिंग कार्डे वाणसामानाच्या यादीत असत.

त्यानंतरचा बदल वेगवान होता. ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या स्काइपने संगणकावरून बोलण्याची सवय लावली. ही सेवा मे २०२५ मध्ये बंदही झाली. व्हॉट्सॲपवर २०१५ मध्ये आवाजी आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये दृक्‌श्राव्य संभाषणाची सोय झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनाने भारतातील डेटाचे दर कोसळले. परदेशातील मुलाशी रोज बोलणे ही चैन न राहता दिनक्रमाचा भाग झाली. घरून परदेशी बोलणे असे स्वस्त झाले. स्वतः परदेशी जाऊन तेथून बोलणे मात्र त्या प्रमाणात स्वस्त झाले नाही.

बिल नेमके कोठे तयार होते?

भारतीय सिमकार्ड घेऊन प्रवासी फ्रँकफर्टला उतरला की त्याचा फोन तेथील एखाद्या कंपनीच्या जाळ्यात नोंदला जातो. ती कंपनी त्याच्या वापराची नोंद ठेवते आणि त्याच्या मूळ भारतीय कंपनीकडून घाऊक दराने पैसे वसूल करते. भारतीय कंपनी त्यावर आपला नफा चढवून ग्राहकाला बिल देते. हा घाऊक दर दोन कंपन्यांमधील खासगी करारावर अवलंबून असतो आणि ग्राहकाला तो कधीच कळत नाही.

आलेल्या फोनसाठीही पैसे का पडतात, हे अनेकांना उमगत नाही. डोंबिवलीतील बहिणीने फ्रँकफर्टमधील भावाच्या भारतीय क्रमांकावर फोन केला, तर तिला तो भारतातला साधा फोनच असतो. फोन आधी भारतातील जाळ्यात जातो आणि तेथून परदेशी पाठविला जातो. या दुसऱ्या टप्प्याचा खर्च फोन घेणाऱ्याच्या माथी पडतो. त्याने फोन उचलला नाही आणि तो व्हॉइसमेलकडे वळविण्याची सोय सुरू असेल, तर तोच फोन पुन्हा परदेशातून भारतात येतो आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. निघण्यापूर्वी फोन वळविण्याची सोय बंद करण्याचा सल्ला जाणकार देतात, तो यासाठीच.

या खर्चाची खऱ्या खर्चाशी तुलना केली की तफावत लक्षात येते. परदेशातून आलेला फोन भारतीय ग्राहकापर्यंत पोहोचविण्यासाठी भारतीय कंपनीला जे शुल्क मिळते, ते दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ फेब्रुवारी २०१८ पासून मिनिटाला ३० पैसे केले होते. १ मे २०२० पासून ते ३५ ते ६५ पैशांच्या पट्ट्यात ठेवण्यात आले. फोन पोहोचविण्याच्या या टप्प्याची किंमत रुपयापेक्षा कमी असताना पॅक न घेतलेल्या प्रवाशाला मिनिटामागे कित्येक पट रक्कम मोजावी लागते.

डेटाची कथा याहून गंभीर आहे. गेल्या दशकात पॅक नसताना काही कंपन्यांचे दर प्रतिमेगाबाइट शेकडो रुपये होते. समजा, हा दर तीनशे रुपये आहे आणि प्रवाशाच्या नकळत फोनने छायाचित्रांची साठवण व ॲपच्या नव्या आवृत्त्या मिळून केवळ चाळीस मेगाबाइट वापरले. तरी बिल बारा हजार रुपये होते. भारतात तेवढा डेटा कोणी मोजतही नाही. विमानतळावर उतरताच फोन सुरू केला आणि हॉटेलवर पोहोचेपर्यंत बिलाचा डोंगर झाला, अशा तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे. जहाज आणि विमानातील जाळे तर जमिनीवरील कोणत्याही देशाचे नसते. उपग्रहावरून चालणाऱ्या त्या सेवेचे दर स्वतंत्र आणि बरेच चढे असतात. ज्या देशासाठी पॅक घेतला आहे, त्यात ती बहुधा समाविष्ट नसते. क्रूझवर जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

युरोपला जमले, ते भारताला का जमत नाही?

युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून सदस्य देशांतील प्रवासाचे रोमिंग शुल्क रद्द केले आणि २०२२ मध्ये ही व्यवस्था आणखी दहा वर्षांसाठी वाढविली. पॅरिसचा ग्राहक रोममध्ये गेला, तरी त्याला घरचाच दर लागतो. हे शक्य झाले, कारण तेथे किरकोळ दराबरोबरच कंपन्यांनी एकमेकींकडून घ्यावयाच्या घाऊक दरावरही कायद्याने मर्यादा आणता आली. सत्तावीस देशांना लागू होणारा कायदा करणारी संस्था तेथे अस्तित्वात आहे.

भारतात देशांतर्गत रोमिंगच्या बाबतीत हेच घडले. नियामक एक, परवाना देणारे सरकार एक. त्यामुळे आधी दर उतरले, मग आलेले फोन मोफत झाले आणि अखेर देशांतर्गत रोमिंग हा शब्दच व्यवहारातून नाहीसा झाला. परंतु जर्मनीतील किंवा थायलंडमधील कंपनीने भारतीय कंपनीला किती घाऊक दर लावावा, हे ट्राय ठरवू शकत नाही. त्यासाठी दोन देशांत करार व्हावे लागतात.

तथापि, किरकोळ दर आणि ग्राहकाला द्यावयाची माहिती हे दोन्ही विषय भारताच्याच हातात आहेत. परदेशी रोमिंगचे दर ठरविण्याची मुभा कंपन्यांना दिलेली आहे. ट्रायने २०२० मध्ये या विषयावर सल्लामसलतीसाठी पत्रक काढून बिलाच्या धक्क्याचा प्रश्न चर्चेला आणला. पॅकचे दर आणि पॅक नसतानाचे दर यांत एवढे प्रचंड अंतर असावे काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. पॅक परवडण्याजोगा असेल, तर तीच सेवा पॅकविना अनेक पटींनी महाग का, याचे समाधानकारक उत्तर खर्चाच्या हिशेबात सापडत नाही. पॅकबाहेरचा दर हा प्रत्यक्षात विसराळूपणावर लावलेला दंड आहे आणि तो भरणाऱ्यांत पहिल्यांदाच परदेशी जाणारे ज्येष्ठ नागरिक अधिक असतात, हे सांगण्यासाठी सर्वेक्षणाची आवश्यकता नाही.

पर्यायांची बाजारपेठ

रोमिंगच्या दरांना कंटाळलेल्या प्रवाशांनी पर्याय शोधले. सर्वांत जुना पर्याय म्हणजे परदेशात उतरल्यावर तेथील सिमकार्ड विकत घेणे. दीर्घ मुक्कामासाठी आजही हाच मार्ग सर्वांत किफायतशीर ठरतो. मात्र पंधरा दिवसांत सहा देश पाहणाऱ्या सहलीला तो गैरसोयीचा आहे. युरोपीय संघातील एका देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात चालते. स्वित्झर्लंड संघात नाही आणि ब्रिटन संघातून बाहेर पडला आहे. समूहसहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत हे दोन्ही देश हमखास असतात. म्हणून विकत घेतलेल्या कार्डात त्यांचा समावेश आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

दुसरा पर्याय भारतातच परदेशी कंपनीचे कार्ड विकत किंवा भाड्याने घेण्याचा. ठाणे-डोंबिवलीतील अनेक प्रवासी सहल कंपनीमार्फत असे कार्ड घेतात. या विक्रेत्यांना दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. जानेवारी २०२२ मध्ये विभागाने त्याच्या अटी सुधारल्या. ग्राहकसेवेची सोय, तक्रारीसाठी संपर्काची माहिती, तपशीलवार बिल आणि दरांची माहिती देणे विक्रेत्यांना बंधनकारक झाले. कार्ड घेताना विक्रेत्याकडे हे प्रमाणपत्र आहे काय, एवढे विचारण्याचा हक्क ग्राहकाने बजावला, तरी अनेक वाद टळतील.

तिसरा पर्याय ई-सिमचा. यात प्लॅस्टिकचे कार्ड नसते. क्यूआर संकेतचित्र वाचून फोनमध्ये नवी जोडणी उतरविता येते. भारतीय सिम काढावे लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ. २०२४ च्या जानेवारीत एअरालो आणि होलाफ्लाय या दोन लोकप्रिय ई-सिम सेवांची ॲप भारतातील ॲपल व गुगलच्या दुकानांतून काढण्यात आली. आवश्यक ना-हरकत प्रमाणपत्राविना विक्री आणि अशा क्रमांकांचा सायबर फसवणुकीत होणारा वापर ही त्यामागची कारणे पुढे आली. सुरक्षेची चिंता खोटी नव्हती. परंतु स्वस्त पर्याय बंद करताना वैध पर्याय त्याच दरात उपलब्ध होतील याची निश्चिती झाली नाही, तर ग्राहकाला पुन्हा महाग पॅककडेच वळावे लागते.

येथे एक व्यावहारिक अडचणही नोंदविली पाहिजे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमकार्डाची खाचच नाही. मुलाने प्रेमाने पाठविलेला असा फोन वापरणाऱ्या आई-वडिलांना परदेशातील दुकानातून प्लॅस्टिकचे सिम घेऊन उपयोग नाही. उलट जुना साधा फोन घेऊन अमेरिकेला जाणाऱ्यांचीही पंचाईत होते. तेथील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी सेवा बंद केल्या. ४जीवरून आवाजी संभाषण न करू शकणारा फोन तेथे निरुपयोगी ठरतो.

क्रमांक हीच ओळख

एवढे सारे पर्याय असताना प्रवासी भारतीय क्रमांक का सोडू शकत नाही? याचे उत्तर ओटीपी या तीन अक्षरांत आहे. परदेशात असतानाही सोसायटीचा देखभाल खर्च भरायचा असतो, मुदतठेवीचे नूतनीकरण करायचे असते, वीजबिल थकू द्यायचे नसते. या प्रत्येक वेळी बँकेचा एसएमएस भारतीय क्रमांकावर येतो. रोमिंग सुरू असेल, तर येणाऱ्या एसएमएसला साधारणतः पैसे पडत नाहीत. पण क्रमांकाची वैधता संपलेली असेल किंवा परदेशी रोमिंग सुरूच केलेले नसेल, तर तो एसएमएस पोहोचत नाही. काही योजनांत रोमिंग सुरू करण्यासाठीच वेगळे रिचार्ज लागते.

सहा महिन्यांच्या मुक्कामात फोन हरवला, तर संकट अधिक गडद होते. भारतीय कंपनीचे नवे सिम परदेशात बसून मिळविणे जवळपास अशक्य आहे. भारतात मिळाले, तरी सिम बदलल्यानंतर चोवीस तास एसएमएस रोखले जातात. ही तरतूद फसवणूक टाळण्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे. यूपीआयची नोंदणी करतानाही भारतीय सिममधून एसएमएस जावा लागतो. त्यामुळे परदेशात नवा फोन घेऊन त्यावर यूपीआय सुरू करू पाहणारा मध्येच अडकतो.

काही दिलासे मात्र अलीकडे मिळाले आहेत. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना केवळ आवाजी संभाषण आणि एसएमएससाठीच्या वेगळ्या योजना देणे बंधनकारक केले आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांनी इंटरनेटविरहित, सुमारे वर्षभर चालणाऱ्या योजना दोन हजार रुपयांच्या आत आणल्या. डेटाची गरज नसलेल्या आणि केवळ क्रमांक जिवंत ठेवू पाहणाऱ्या ज्येष्ठांना अशा योजना सोयीच्या आहेत. दुसरा दिलासा अनिवासी भारतीयांसाठी होता. राष्ट्रीय देयक निगमने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान, कतारसह दहा देशांच्या मोबाइल क्रमांकांवरून एनआरई व एनआरओ खात्यांना यूपीआय जोडण्यास मुभा दिली. पर्यटक किंवा मुलांकडे गेलेले पालक अनिवासी नसतात. त्यांना या सोयीचा लाभ नाही.

रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांच्या प्रमाणीकरणाबाबत जे निर्देश काढले, त्यांचे महत्त्व येथे आहे. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरविताना बँकेने एसएमएसवरील ओटीपीखेरीज अन्य साधनांचा मार्ग स्पष्टपणे मोकळा केला. बँकेच्या ॲपमधूनच मान्यता देणे किंवा बोटाच्या ठशाने खातरजमा करणे यांसारख्या पद्धती बँकांनी मनापासून स्वीकारल्या, तर परदेशात बसलेल्या खातेदाराचे सिमवरील अवलंबित्व कमी होईल. निर्देशांनी मार्ग मोकळा केला असला, तरी कोणती पद्धत द्यायची हे बँकांच्या हाती आहे. ठाणे जिल्ह्यातील ज्या नागरी सहकारी बँकांत ज्येष्ठांच्या ठेवी मोठ्या प्रमाणावर आहेत, त्यांनी याबाबत मागे राहू नये.

सिम-बंधनाचा नवा आदेश

या प्रश्नाला सर्वांत धारदार कंगोरा दिला तो दूरसंचार विभागाच्या २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या ॲपनी ज्या क्रमांकावर नोंदणी झाली आहे, ते सिम त्या फोनमध्ये असल्याची सतत खातरजमा करावी, असा हा आदेश होता. त्यासाठी ९० दिवसांची मुदत देण्यात आली. संगणकावरील जोडणी दर सहा तासांनी खंडित व्हावी, असेही त्यात म्हटले होते.

आदेशामागील कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही. भारतीय क्रमांकावर ॲप सुरू करायचे, सिम फेकून द्यायचे आणि परदेशात बसून 'डिजिटल अटके'च्या नावाखाली ज्येष्ठांना लुटायचे, ही टोळ्यांची रीत झाली होती. ज्यांच्या संरक्षणासाठी हा उपाय योजला, त्यांत ठाणे-डोंबिवलीतील निवृत्त मंडळीही आहेत. परंतु याच मंडळींची परदेशातील काटकसरीची रीतही नेमकी तीच आहे. विमानतळावर भारतीय सिम काढून पाकिटात ठेवायचे, तेथील कार्ड घालायचे आणि जुन्या क्रमांकाचे व्हॉट्सॲप तसेच चालू ठेवायचे! गुन्हेगार आणि आजोबा यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी यंत्राला दोघांची कृती सारखीच दिसते.

सिम फोनमध्ये असून ग्राहक रोमिंगवर असेल, तर त्याला अडचण येणार नाही, असा खुलासा विभागाने केला. तो रास्त आहे. मात्र त्याचा अर्थ असा की, सिम फोनमध्ये ठेवून दुसऱ्या जोडणीवर डेटा घेण्याची सोय असलेला फोन ही आता परदेशवारीची पूर्वअट बनू लागली आहे. एकाच सिमचा जुना फोन वापरणाऱ्याला भारतीय क्रमांकावरील व्हॉट्सॲप आणि परदेशातील स्वस्त डेटा यांतून एकाची निवड करावी लागेल. सुरक्षेसाठीची किंमत कोणीतरी मोजणारच. ती सर्वांत कमी तांत्रिक जाण असलेल्यांवर पडू नये, ही अपेक्षा गैर नाही.

आखाताचे वेगळे गणित

आखातात काम करणाऱ्यांचे गणित पर्यटकांहून भिन्न आहे. त्यांच्याकडे तेथील सिम असतेच. अडचण असते ती नियमांची. संयुक्त अरब अमिरातीत गेली अनेक वर्षे व्हॉट्सॲपवरून संदेश पाठविता येतात, पण स्थानिक जाळ्यावरून आवाजी आणि दृक्‌श्राव्य संभाषण रोखलेले आहे. तेथे बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरावी लागतात. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये अशा संभाषणावरील बंदी उठविली. दुबईला चार दिवसांसाठी जाणाऱ्या कुटुंबाला हे ठाऊक नसते. तेथे पोहोचल्यावर व्हॉट्सॲपचा फोन लागत नाही म्हणून घरचे घाबरतात आणि प्रवासी साधा फोन लावून मोठे बिल ओढवून घेतो. बंदी चुकविण्यासाठी व्हीपीएनचा आधार घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तेथील कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो, हे सांगणारे मात्र विरळा.

घरच्या घरी करता येण्याजोगे

धोरणे बदलेपर्यंत प्रवाशाने आपल्यापुरती काळजी घेणे क्रमप्राप्त आहे. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी भारतीय क्रमांकाची वैधता परतीच्या तारखेपुढे किमान महिनाभर आहे, हे पाहावे. परदेशी रोमिंग सुरू करून घ्यावे, पण भारतीय सिमवरील डेटा रोमिंग बंद ठेवावे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतील गल्लतीमुळेच बहुतेक मोठी बिले येतात. दोन जोडण्यांचा फोन असेल, तर भारतीय सिम एसएमएससाठी आणि परदेशी सिम किंवा ई-सिम डेटासाठी, अशी विभागणी सर्वांत स्वस्त पडते. त्यात भारतीय क्रमांकावर आलेला साधा फोन उचलू नये आणि नातेवाइकांनी ॲपवरूनच फोन करावा, हे आधी ठरवून घ्यावे. तीन-चार दिवसांच्या कामकाजी दौऱ्यात भारतीय कंपनीचा पॅक थोडा महाग वाटला, तरी वेळेचा हिशेब करता तो परवडतो. महिन्याहून अधिक मुक्काम असेल, तर स्थानिक जोडणीला पर्याय नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक पथ्य आवश्यक आहे. बँकेचे ॲप, ई-मेल आणि यूपीआय भारतातच नव्या फोनवर सुरू करून, एकदा तरी व्यवहार करून पाहावा. परदेशात फोन बदलणे टाळावे. ओटीपी मुलाला फोनवरून सांगण्याची सवय तर कटाक्षाने मोडावी. आज तो मुलगा असतो, उद्या मुलाचा आवाज काढणारा कोणी असू शकतो.

सरकारने काय करावे?

यातील काही उपाय खर्चाविना शक्य आहेत. पॅक नसलेल्या ग्राहकाचा परदेशातील डेटा, त्याने स्पष्ट संमती देईपर्यंत, बंदच राहावा. ठरावीक रकमेपर्यंत बिल पोहोचताच सेवा थांबावी आणि ग्राहकाला त्याच्या भाषेत एसएमएस जावा. मराठीत पाठविलेली एक ओळ अनेक कुटुंबांचे हजारो रुपये वाचवील. पॅकबाहेरचा दर हा पॅकच्या दराच्या ठरावीक पटीपलीकडे असू नये, अशी मर्यादा ट्रायला घालता येईल.

काही उपायांना वेळ लागेल. ज्या देशांत भारतीयांची ये-जा सर्वाधिक आहे, विशेषतः आखाती देश आणि सिंगापूर, त्यांच्याशी व्यापार करार करताना रोमिंगच्या घाऊक दराचा विषय भारताने पटलावर ठेवावा. लाखो ग्राहक पाठविणारा देश म्हणून भारताची सौदाशक्ती मोठी आहे. ती ग्राहकांच्या हितासाठी वापरली जाणे अपेक्षित आहे. सिम-बंधनासारख्या सुरक्षेच्या उपायांत दीर्घकाळ परदेशी राहणाऱ्या निवासी भारतीयांसाठी खातरजमेची दुसरी रीतही असावी. पारपत्राच्या आधारे भारतीय दूतावासामार्फत हरवलेले सिम परत मिळविण्याची सोय झाली, तर अडचणीत सापडलेल्या प्रवाशाला मोठा आधार मिळेल.

दूरध्वनीच्या दरांची लढाई या देशाने बव्हंशी जिंकली आहे. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाइल फोन लागला, तेव्हा आलेल्या फोनसाठीही पैसे पडत. ते २००३ मध्ये बंद झाले. तोच प्रकार सीमेपलीकडे अजून चालू आहे आणि त्यात आता ओळखीच्या प्रश्नाची भर पडली आहे. भारतीय नागरिकाचा मोबाइल क्रमांक हे त्याचे दुसरे पारपत्र बनले असेल, तर पहिल्या पारपत्राइतकेच ते परदेशात सहज आणि रास्त खर्चात चालले पाहिजे. त्याची जबाबदारी केवळ मोबाइल कंपन्यांवर सोपवून सरकार आणि बँकांना मोकळे होता येणार नाही.